पोटात बाळ असताना एचआयव्ही वॉर्डात ड्यूटी

गरोदर सिस्टरला घरचे हमखास विचारतात, "त्या पेशंटला हात लावलास?" खुशाल लावावा. ताप बघणं, अंग पुसणं, भरवणं यातून एचआयव्ही पसरत नाही आणि गरोदरपणामुळे या कामातला धोका वाढतो, असं आढळलेलं नाही.

जपायचं ते सुईला. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये. ती कटरने कापून तिथल्या तिथे पांढऱ्या डब्यात टाकावी. बाधित रक्ताची सुई टोचली तरी लागण होण्याचं प्रमाण हजारात साधारण 3 आहे. टोचलीच तर बोट पिळू नका, तोंडात घालू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि लगेच डॉक्टरांना गाठा. प्रतिबंधक गोळ्या शक्यतो 2 तासांत, फार तर 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यायच्या. त्या गरोदरपणातही देतात. मात्र दिवस गेल्याचं सांगायला लाजू नका.

खरी काळजी क्षयाची. खोकणाऱ्या रुग्णाजवळ एन-95 मास्क हवाच. कांजिण्या झालेल्या नसतील, लसही घेतलेली नसेल, तर कांजिण्या किंवा नागीण असलेल्या रुग्णाची ड्यूटी बदलून मागा. सुरक्षिततेची साधनं पुरवणं हे 2017च्या एचआयव्ही कायद्याने रुग्णालयाचंच काम आहे.