हिरवं नसलेलं शेवाळ

ख्रिसमसच्या सुट्टीत सुरतला घरी गेले होते. रविवारची मिस्सा झाल्यावर डॅडी आणि मी तापीवर गेलो, रांदेरच्या कोझवेच्या खालच्या बाजूला. ओहोटी होती. दगडांवरून उतरताना डॅडी घसरले आणि मनगट मोडलं. रिक्षात म्हणाले, "शेवाळावरून पाय सटकला गं." मी वैतागून म्हटलं, "तिथं शेवाळ कुठं होतं? दगड नुसता तपकिरी होता. तुम्ही बघून चालत नाही." ते काहीच बोलले नाहीत.

ते गप्प बसणं मला टोचत राहिलं. परत येताना त्याच दगडावरचा बुळबुळीत थर खरवडून, नदीच्या पाण्यासकट बाटलीत भरून फ्लाइंग राणीनं आणला. बॉटनीच्या मैत्रिणीनं त्यातला एक थेंब मायक्रोस्कोपखाली ठेवला. मराठीच्या मुलीचं त्या लॅबमध्ये काय काम, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर होतं! पण काचेवर शेकडो सोनेरी होड्या सरकत होत्या. वल्हं नाही, शेपूट नाही, पाय नाहीत.

हे डायटम. एका पेशीचं शैवल. मराठी विश्वकोशात त्यांना 'करंडक वनस्पती' म्हटलंय आणि मला तो शब्द फार आवडला, कारण त्यांचं कवच खरंच करंड्यासारखं असतं, खालचा भाग आणि त्यावर बसणारं झाकण. हे कवच सिलिकाचं, म्हणजे जवळजवळ काचेचंच. आत हरितद्रव्य असतं, पण सोबतच्या तपकिरी रंगद्रव्यामुळे ते झाकलं जातं. म्हणून दगड हिरवा दिसत नाही.

आता हे सरकतात कसे? होडीसारख्या डायटमच्या कवचाला लांबीच्या दिशेनं एक बारीक चीर असते. त्या चिरेतून पेशी चिकट द्रवाचे धागे बाहेर सोडते आणि ते दगडाला चिकटतात. चिरेच्या आतल्या बाजूला अ‍ॅक्टिन नावाच्या प्रथिनाचे रूळ असतात आणि त्यांवरून मायोसिन हे दुसरं प्रथिन धावतं. हीच जोडी आपल्या स्नायूंतही असते. बहुतेक संशोधकांच्या मते मायोसिन हे धागे मागे ओढतं. धागा दगडाला घट्ट धरून असतो, त्यामुळे पेशीच पुढे जाते. विहिरीत सोडलेला दोर वर ओढण्याऐवजी आपणच दोराला धरून खाली सरकावं, तसं काहीसं. दिशा बदलायची तर वळायची गरज नाही. चर्चगेटला लोकल वळते का? तशीच ही उलटी निघते. वेग सेकंदाला फार तर २०-२५ मायक्रॉन, म्हणजे तासाभरात वीतभरसुद्धा नाही. मागे चिकट माग राहतो.

ज्यांना चीर नसते ते असे सरकू शकत नाहीत. त्यांच्यातले काही देठ काढून किंवा चिकट गादी करून एका जागी बसतात.

हा डिंक मुख्यतः साखरेच्या लांब साखळ्यांचा आणि प्रथिनांचा. तो खूप पाणी धरून फुगतो. म्हणजे डॅडींचा पाय दगडावर पडलाच नाही, जेलीवर पडला. पेशीला धरून ठेवणाऱ्या त्याच चिकटपणावरून माणूस घसरतो.

डुमसच्या चिखलासारख्या भरती-ओहोटीच्या जागी तर हे डायटम उजेडात, ओहोटीच्या वेळी वर येतात आणि पाणी परतायच्या आत पुन्हा खाली जातात. त्यांच्या डिंकानं चिखल बांधला जातो, लाटांनी सहज वाहून जात नाही. जहाजवाल्यांना मात्र ते नकोसे. हजिऱ्याला येणाऱ्या जहाजांच्या तळावरही असा थर बसू शकतो. त्यानं पाण्याचं घर्षण वाढतं आणि इंधन जास्त जळतं. शंखशिंपले घसरून पडावेत म्हणून काढलेल्या गुळगुळीत सिलिकॉनच्या रंगावरही डायटम टिकून राहतात. १९६६ साली स्थापन झालेल्या, गोव्यात दोना पावलाला असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतही अशा थरांवर अभ्यास झाला आहे.

प्लास्टर निघालं त्या दिवशी हे सगळं मी डॅडींना फोनवर सांगितलं. चीर, रूळ, डिंक, सगळं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे शेवाळच होतं ना?"

"हो डॅडी," मी म्हटलं. "शेवाळच होतं."