मुलगी म्हणते, आंतरराष्ट्रीय संबंध शिकायचेत

आम्ही रबाळ्याहून, नवी मुंबईतल्या बचत गटांच्या वतीने बोलतोय. आजचा विषय ऐकायला लांबचा वाटेल, पण तो आपल्या घरात येऊन पोचलाय. गटातल्या बायांच्या मुली आता बीए, बीकॉम होतात. त्यातली एखादी म्हणते, "आई, मला आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात एमए करायचंय." आईला कळत नाही की हे शिकून पुढे काय होतं, खर्च किती आणि हो म्हणावं की नाही. हे आज नीट समजून घेऊ.

आधी हे काम काय असतं ते बघू. १ मे २०१४ पासून युरोपियन संघाने आपला आंबा आणि त्याबरोबर वांगी, कारली, पडवळ, अळू घेणं थांबवलं. तिकडे पोचलेल्या मालात फळमाशी आणि इतर किडी सापडल्या होत्या. ऐन हंगामात कोकणातल्या बागायतदारांना फटका बसला. मग दोन्हीकडचे अधिकारी बोलायला बसले. आपल्याकडची तपासणी आणि प्रक्रिया सुधारली, तिकडची माणसं येऊन बघून गेली आणि जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरची बंदी उठली. निर्यातीच्या आंब्यावर प्रक्रिया करणारं पणन मंडळाचं केंद्र आमच्या जवळच, वाशीला आहे. अमेरिकेनेही २००७ साली आपला आंबा घ्यायला सुरुवात केली ती अशाच लांबलेल्या बोलणीनंतर.

कांद्याचं तर तुम्हाला सांगायला नको. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यात बंद झाली ती मे २०२४ मध्ये उघडली. मधल्या महिन्यांत नाशिक, नगरच्या शेतकऱ्याने काय सोसलं ते आपल्याला माहीत आहे. आखातात कामाला गेलेला भाऊ अडकला, त्याचा पासपोर्ट मालकाने ठेवून घेतला, तर मदत मागायची ती तिथल्या भारतीय वकिलातीत. पुराच्या वेळी परदेशी संस्थेचा निधी येतो, तो कोणत्या अटीवर येतो हेही कुणीतरी ठरवतं. दुसऱ्या देशाशी करार करणं, व्यापाराचे नियम वाचणं, आपल्या माणसांची बाजू मांडणं, ही सगळी आंतरराष्ट्रीय कामं. ती करायला माणसं तयार करणारी पदव्युत्तर विद्यालयं जगभर आहेत.

या विद्यालयांत शिकवतात काय? देशादेशांचं राजकारण, व्यापार आणि अर्थशास्त्र, आंतरराष्ट्रीय कायदा, जगाच्या एखाद्या भागाचा सखोल अभ्यास आणि बऱ्याच ठिकाणी एक परकी भाषा. पहिलं महायुद्ध संपल्यावर, पुन्हा असं होऊ नये तर देशांमधले व्यवहार समजणारी माणसं हवीत, असं लोकांना वाटू लागलं. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठातलं विद्यालय १९१९ चं, स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाचं १९२७ चं, अमेरिकेतलंच फ्लेचर १९३३ चं.

आपल्या देशात १९५५ साली दिल्लीत 'इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज' सुरू झालं. १९७० मध्ये ते जवाहरलाल नेहरू विद्यापीठात, म्हणजे जेएनयूत सामील झालं. परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी पीएचडी याच विद्यापीठातून केली. जेएनयू सरकारी आहे. तिथली शिकवणीची फी वर्षाला काहीशे रुपये आहे. वसतिगृह आणि खानावळीचा खर्च वेगळा, पण तो मुंबईत खोली घेऊन राहण्यापेक्षा कमी पडतो. प्रवेश सीयूईटी-पीजी या देशभरच्या परीक्षेतून मिळतो. पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो. मराठी माध्यमातल्या मुलीला त्याची तयारी करावी लागते आणि ती बीएच्या दुसऱ्या वर्षापासून केली तर सोपी जाते.

महाराष्ट्र सोडायचा नसेल तर पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग आहे. मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलात राज्यशास्त्राचं एमए करताना आंतरराष्ट्रीय राजकारण शिकता येतं. पुण्यात सिम्बायोसिसचं या विषयाचं वेगळं विद्यालय आहे. ते खासगी आहे, तेव्हा फी आधी विचारा. नोकरी करत शिकणाऱ्या मुलीला इग्नूमधून घरबसल्या राज्यशास्त्राचं एमए करता येतं, त्यातही आंतरराष्ट्रीय संबंधांचा पेपर आहे. निर्यातीच्या धंद्याकडे ओढा असेल तर दिल्लीचं इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ फॉरेन ट्रेड आहे, १९६३ पासूनचं.

आता नोकरीचं बोलू, कारण आईला तेच विचारायचं असतं. या शिक्षणाचा सगळ्यात मानाचा शेवट म्हणजे भारतीय परराष्ट्र सेवा, राजदूत वगैरे. तिथे जाण्यासाठी हे एमए लागतच नाही. कोणत्याही शाखेची पदवी चालते. यूपीएससीची परीक्षा द्यावी लागते. मुख्य परीक्षेची उत्तरं मराठीत लिहिता येतात आणि मुलाखतही मराठीत देता येते. वयाची अट खुल्या गटाला ३२, इतर मागासवर्गाला ३५, अनुसूचित जाती-जमातींना ३७ वर्षं. बायकांना परीक्षेची फी माफ आहे. पण गणितही ऐका. वर्षाला दहा लाखांच्या वर अर्ज येतात आणि परराष्ट्र सेवेत जागा भरतात त्या पन्नासच्या आसपास. म्हणून या एकाच आशेवर मुलीची सात-आठ वर्षं बांधून ठेवू नका. तयारी करायचीच तर मुंबईत सीएसएमटीजवळ राज्य शासनाची प्रशासकीय प्रशिक्षण संस्था आहे. नाशिक, कोल्हापूर, नागपूर, अमरावती आणि छत्रपती संभाजीनगरलाही तशी केंद्रं आहेत. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थाही आपापल्या समाजगटातल्या मुलामुलींना तयारीसाठी मदत करतात.

गावातून तिथवर कुणी गेलं का, असं विचाराल, तर ज्ञानेश्वर मुळे यांचं नाव घ्या. शिरोळ तालुक्यातल्या अब्दुललाटचे. १९८३ साली परराष्ट्र सेवेत आले, मालदीवमध्ये उच्चायुक्त झाले, न्यूयॉर्कमध्ये भारताचे महावाणिज्यदूत झाले. पुढे दिल्लीत पासपोर्टचं काम त्यांच्याकडे असताना, २०१७ पासून पोस्टात पासपोर्ट केंद्रं सुरू झाली. पासपोर्टसाठी लांबच्या शहरात मारावे लागणारे हेलपाटे त्यामुळे बऱ्याच जणांचे वाचले.

राजदूत होण्याशिवायही कामं आहेत. निर्यात कंपन्या, शेतमालाच्या निर्यातीचे सल्लागार, परदेशी निधीवर चालणाऱ्या सामाजिक संस्था, संशोधन संस्था, वर्तमानपत्रं, दुभाषी, कॉलेजात शिकवणं. पहिला पगार फार मोठा नसतो. जिची इंग्रजी पक्की, एखादी परकी भाषा येते आणि हिशोब कळतो, तिला काम लवकर मिळतं.

आता परदेशाकडे वळू, कारण घरं अडकतात ती इथे. अमेरिकेतल्या नामवंत खासगी विद्यालयात दोन वर्षांची फी आणि राहणं-खाणं धरलं तर खर्च एक कोटीच्या वर सहज जातो. बँक साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सहसा तारण मागत नाही. त्यापुढे घर, जागा मागते. सही मात्र आई किंवा वडिलांचीही लागतेच. आपण गटात व्याजाचा हिशोब करतो तसा इथे करू. चाळीस लाखांचं कर्ज, व्याज दहा टक्के, फेड दहा वर्षांत. हप्ता येतो महिन्याला जवळपास ५३ हजार. शिकत असतानाचं व्याज यात धरलेलं नाही, ते वर चढतं. मुलगी परत येऊन इथल्या संस्थेत तीस-पस्तीस हजारांवर लागली तर हा हप्ता कोण भरणार, हे सहीच्या आधी विचारायचं.

आमच्या गटातल्या एका ताईंपुढे हाच प्रश्न आला. मुलगी राज्यशास्त्रात हुशार. एका सल्लागाराने "हमखास प्रवेश, हमखास शिष्यवृत्ती, पुढे संयुक्त राष्ट्रांत नोकरी" असं सांगून नोंदणीचे पैसे मागितले. ताईंनी गटाकडे अंतर्गत कर्जाचा अर्ज टाकला आणि गावची दीड एकर विकायचंही बोलणं सुरू झालं. बैठकीत आम्ही त्या सल्लागाराचा कागद सगळ्यांसमोर वाचला. त्यात विद्यालयाचं नाव होतं, पण शिष्यवृत्ती कोण देणार आणि किती, याचा एक शब्द नव्हता. पैसे परत मिळणार नाहीत ही ओळ मात्र होती. गटाने कर्ज दिलं नाही, पण मुलीला नाहीही म्हटलं नाही. परीक्षेच्या फीचे आणि पुस्तकांचे पैसे दिले. ती आता सीयूईटीचा अभ्यास करतेय. पुढे काय होईल ते आज सांगता येणार नाही, पण जमीन जागेवर आहे.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. बऱ्याच सल्लागारांना परदेशी कॉलेजांकडून दर विद्यार्थ्यामागे दलाली मिळते. त्यामुळे ते सांगतात ते कॉलेज मुलीच्या भल्याचं असेलच असं नाही. आणि संयुक्त राष्ट्रसंघ नोकरीसाठी कोणत्याही टप्प्यावर पैसे घेत नाही. जो मागतो तो फसवतोय. तिथल्या प्रशिक्षणार्थी जागाही बहुतेक बिनपगारी असतात, तेव्हा जिनिव्हा-न्यूयॉर्कला राहायचा खर्च आपल्याच अंगावर येतो.

परदेशी जायचंच, तर शिष्यवृत्तीवर जायचं. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. आज अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलामुलींसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी आहे. तिच्यात १२५ जागा, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत आणि ३० टक्के जागा मुलींना. आदिवासी, इतर मागासवर्ग, मराठा समाजासाठीही राज्याच्या वेगळ्या योजना आहेत. सगळ्यांसाठी खुली अशी इंग्लंडची चेव्हनिंग आहे. ती एका वर्षाचा सगळा खर्च देते, पण दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागते आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परतायची अट घालते. मुंबईतून जे. एन. टाटा एन्डोमेंट १८९२ पासून परदेशी शिकायला कर्जरूपाने शिष्यवृत्ती देतं. अटी आणि तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून अर्जाआधी त्या वर्षीची जाहिरातच वाचायची. सरकारी शिष्यवृत्तीच्या अर्जाला एजंट लागत नाही. लागतो तो जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला. तो तहसीलमधून वेळेत काढला नाही म्हणून हातची संधी जाऊ शकते.

आता शेवटचा अडसर. "मुलीची जात, देशोदेशी कुठे फिरणार, लग्नाचं काय?" हे फक्त गावात म्हणतात असं नाही. सरकारच्या नियमातही ते लिहिलेलं होतं. परराष्ट्र सेवेतल्या बाईने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची आणि संसारामुळे काम नीट होत नाही असं सरकारला वाटलं तर तिला राजीनामा द्यायला सांगता येत असे. पुरुषाला असा नियम नव्हता. या सेवेतल्या पहिल्या महिला अधिकारी सी. बी. मुथम्मा यांनी बढती नाकारल्यावर सुप्रीम कोर्टात दाद मागितली. १९७९ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या भेदभावावर कडक ताशेरे ओढले. आज ते नियम राहिलेले नाहीत. त्याआधी, १९४८ साली संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत असताना, त्यातले 'सर्व पुरुष' असा अर्थ होणारे शब्द बदलून 'सर्व माणसं' असं करायला लावलं ते हंसाबेन मेहता यांनी. मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या त्या कुलगुरू होत्या. अशा टेबलाशी बाई बसलेली असली की काय लिहिलं जातं, ते यावरून कळतं.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या महिन्याच्या बैठकीत एवढं करा. गटातल्या कुणाच्या मुली बीए, बीकॉम, बीएस्सीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला आहेत, त्यांची यादी करा. त्यांना बोलवा, काय शिकायचंय ते त्यांच्याच तोंडून ऐका. जातीचे, उत्पन्नाचे दाखले आत्ताच काढायला सांगा. आधी सरकारी विद्यापीठ, मग शिष्यवृत्ती आणि सगळ्यात शेवटी कर्ज, हा क्रम ठेवा. कुणी पैसे मागितले तर कागद बैठकीत आणून मोठ्याने वाचा. आणि एखाद्या मुलीला नाही म्हणायची वेळ आली, तर हिशोब तिच्यासमोर मांडून म्हणा, म्हणजे तिलाही दुसरी वाट शोधता येईल.

तुमच्या गटात कुणी ही परीक्षा दिली असेल, शिष्यवृत्ती मिळवली असेल, तर आम्हाला कळवा. तिचा अनुभव पुढच्या भागात ऐकवू.