सूची क्रमांक २

“मामा, तू सांग, घर आत्ता घ्यावं की वर्षभर थांबावं? एक म्हणतो बाजार तेजीत आहे, दुसरा म्हणतो बसलाय,” असे माझ्या भाच्याने गेल्या गुढीपाडव्याला विचारले आणि त्या दिवशीचे वर्तमानपत्र माझ्यासमोर पसरले. पहिली चार पाने वाकड, बाणेर, खराडी, उंड्री येथील गृहसंकुलांच्या जाहिरातींनी व्यापली होती आणि आतल्या एका पानावर पुण्यातील घरविक्री मंदावल्याची बातमी होती. ज्याला आजवरची सारी पुंजी आणि पुढील वीस वर्षांच्या वेतनाचा मोठा वाटा एका सदनिकेवर लावावयाचा आहे, त्याने या दोहोंपैकी कशाचा आधार घ्यावा? मी त्याला म्हणालो, “यातलं काहीच धरून चालू नकोस. व्यवहार जिथे पुरा होतो, ती वही तू अजून पाहिलीच नाहीस.”

ती वही दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात असते. गेली सत्तावीस वर्षे, प्रथम एका वकिलांकडे मिळकतींचा शोध घेण्याच्या चाकरीनिमित्त आणि ती चाकरी सुटल्यावर निव्वळ ओढीने, मी तिची पाने वाचीत आलो आहे; पुण्याच्या घरबाजाराविषयी मला जे काही कळते ते तिथेच कळले.

पुणे कसे वाढले हे वाचकांना ठाऊकच आहे, म्हणून ते उरकून घेतो. १९५०च्या फेब्रुवारीत महानगरपालिका झाली. १९५४च्या सुमारास पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना उभा राहिला आणि त्यामागून उद्योग आले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, नदीकाठची घरे गेली आणि गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहतींनी शहर गावठाणाबाहेर पडले. १९७२ साली पिंपरी-चिंचवडचे नवनगर प्राधिकरण निघाले. पुढे हिंजवडी व खराडी येथे संगणकाची कचेरीनगरे झाली. २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे पालिकेत आली. २००१च्या जनगणनेत दहा लाखांच्या आसपास असलेले पिंपरी-चिंचवड २०११ साली सतरा लाखांवर गेले होते, एवढा एक आकडा वाढीच्या वेगाची कल्पना यावयास पुरे आहे.

आता वहीकडे येतो. १९०८च्या नोंदणी अधिनियमाने चार सूची ठरवून दिल्या आहेत. त्यांपैकी पहिली माणसांच्या नावांची आणि दुसरी मिळकतींची. बँकेत, वकिलाकडे, सोसायटीच्या कचेरीत जिला सर्रास ‘इंडेक्स टू’ म्हणतात, तीच ही सूची क्रमांक २. एवढ्या मोठ्या नगराचे दस्त आजही नोंदले जातात ते हवेली तालुक्याच्या नावाने. दस्ताच्या क्रमांकाआधी ‘हवल’ अशी अक्षरे असतात, पुण्याचे नाव त्यात कोठेही नसते. आकाशाला भिडणाऱ्या इमारतीतल्या अठराव्या मजल्यावरची सदनिकासुद्धा कागदावर हवेली तालुक्यातील अमुक मौजे, सर्व्हे नंबर अमुक, हिस्सा नंबर तमुक अशीच उतरते, आणि त्या ओळीत मला प्रत्येक वेळी त्या इमारतीखालचे शेत दिसते.

या सूचीचे रकाने चौदा. विलेखाचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, भूमापन व घरक्रमांक, क्षेत्रफळ असे पहिले पाच. सहावा ‘आकारणी किंवा जुडी देण्यात असेल तेव्हा’. पुढे लिहून देणार, लिहून घेणार. नवव्यात दस्त करून दिल्याचा दिनांक आणि दहाव्यात नोंदणीचा. मग अनुक्रमांक, मुद्रांक शुल्क, नोंदणी शुल्क आणि शेवटी शेरा. सहाव्या रकान्याशी मी कितीदा तरी थबकलो आहे. जुडी म्हणजे इनाम जमिनीवर सरकारात भरावयाचा हलका सारा. इनामे खालसा झाली, इनामदारांचे नातू परदेशी गेले, तरी प्रत्येक सदनिकेच्या कागदावर तो रकाना अजून छापून येतो आणि कोरा राहतो. कोथरूडच्या एका भूखंडाचा मागोवा घेत असता मला साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचे एक खरेदीखत सापडले होते. विहिरीतील चौथाई हिस्सा, बांधावरची आंब्याची दोन झाडे, आणि त्यापुढे ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेपासह’ अशी ती जुनी भारदस्त शब्दावली. त्या जागी आज चार मजली इमारत आहे आणि तिच्या वाहनतळाच्या कोपऱ्यात बुजवलेल्या विहिरीचा गोल कट्टा मी स्वतः पाहिला आहे.

परंतु तेजी-मंदीची नाडी सापडते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यांत. मोबदला म्हणजे घेणाऱ्याने देणाऱ्यास द्यावयाची रक्कम. बाजारभाव म्हणजे शासनाच्या वार्षिक दरतक्त्याप्रमाणे, लोकांच्या भाषेत रेडीरेकनरप्रमाणे, येणारे मूल्य. आणि या दोहोंत जी रक्कम अधिक, तिच्यावर मुद्रांक शुल्क. एखाद्या पेठेतील वा उपनगरातील शे-दीडशे दस्त ओळीने वाचले, आणि मोबदला बाजारभावाहून बराच वर जाऊ लागला, तर घेणारे आतुर आहेत असे समजावे. दोन्ही रकमा एकमेकींना खेटून बसू लागल्या, तर विकणारा नमला असे समजावे. त्यात एक सावधगिरी हवी, कारण जुन्या घरांच्या व्यवहारांत काही रक्कम रोखीने हातोहात जाते आणि कागदावर दरतक्त्याइतकाच मोबदला लिहिला जातो. म्हणून मी तुलनेसाठी बँकेचे कर्ज काढून घेतलेल्या घरांचे दस्त पाहतो, कारण मोठे कर्ज उचलणाऱ्यास मोबदला फार कमी दाखवून चालत नाही.

नवव्या आणि दहाव्या रकान्यांतील अंतरही तितकेच बोलके आहे. दस्तावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो नोंदणीस हजर करण्याची मुभा कायद्याने दिलेली आहे. २०२० साली, महामारीने बांधकामे थंडावली आणि मजूर गावोगाव परतले असता, शासनाने १ सप्टेंबरपासून डिसेंबरअखेर मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांची आणि पुढे मार्च २०२१ पर्यंत दोन टक्क्यांची सूट दिली. त्या डिसेंबरात मी एका नोंदणी कार्यालयाच्या जिन्यात अडीच तास उभा होतो. तोंडाला मुखपट्टी बांधलेले नवरा-बायको, साक्षीदार म्हणून आणलेला शेजारी, काखेत फायलींचा गठ्ठा घेतलेला वकिलाचा कारकून, आणि आतून टोकनचा नंबर पुकारला की एकदम उठणारी ती सारी माणसे! शुल्क डिसेंबरात भरून नोंदणी नव्या वर्षात करणारेही पुष्कळ होते. अशा वेळी दस्तांची मासिक संख्या पाहून जो तेजीचा निर्णय करील तो फसेल. दहावा रकाना जानेवारी-फेब्रुवारी सांगत असला तरी घर डिसेंबरातच ठरलेले असते.

सवलतीची ही युक्ती पुण्याला नवी नाही. पेशवाईत नवी पेठ वसवावयाची म्हणजे कौल द्यावयाचा. वाणी-उदमी आणि कारागीर यांनी येऊन घरे बांधावीत म्हणून काही वर्षे पट्टी-जकातीची सूट मिळे, आणि पेठ भरली की कर सुरू होई. सदाशिव, रास्ता, घोरपडे ही नावे आपण रोज उच्चारतो, परंतु त्या पेठांच्या मुळाशी मोकळी जमीन भरून काढण्याची राज्यकर्त्यांची निकड होती हे विसरतो. २०२०च्या सुटीचा शासननिर्णय वाचताना मला तो कौलच नव्या पोषाखात आल्यासारखा वाटला. फरक इतकाच की कौलाने वस्ती यावी अशी अपेक्षा असे, आणि या वेळी बांधून तयार असलेली घरे आधी खपावीत अशी होती.

शिवाय वहीला तिचे ऋतू आहेत. पितृपक्षात खरेदीचे दस्त रोडावतात, दसऱ्याच्या मागेपुढे पुन्हा भरतात. पूर्वी दरतक्ता १ जानेवारीस बदले, तेव्हा डिसेंबरात झुंबड उडे. २०१६ पासून तो १ एप्रिलकडे गेला आणि झुंबडही मार्चात गेली. २०२३ व २०२४ साली दर तसेच ठेवले होते, २०२५च्या एप्रिलमध्ये ते वाढवले, म्हणून त्याआधीच्या मार्चात कार्यालये भरून वाहिली यात नवल ते काय?

आणखी एक गोष्ट. ‘इतके हजार दस्त नोंदले’ अशी बातमी येते, तेव्हा ते सारे घरखरेदीचे असतात असे नव्हे. भाडेकरार नोंदवणे १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने बंधनकारक आहे, आणि विद्यार्थी व नोकरदार यांच्या या शहरात त्यांची संख्या फार मोठी. त्यांत गहाणखते, बक्षीसपत्रे, हक्कसोडपत्रे मिसळतात. भावाच्या नावे हक्क सोडणारी बहीणही त्या आकड्यात मोजली जाते. म्हणून पहिला रकाना, विलेखाचा प्रकार, चाळून घेतल्यावाचून दस्तसंख्येला अर्थ नाही.

स्थावर संपदा प्राधिकरण १ मे २०१७ पासून सुरू झाले तेव्हा या वहीचा स्वभावच बदलला. नोंदणीकृत करारावाचून किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास विकसकाला मनाई झाली, त्यामुळे पूर्वी साध्या पावतीवर महिनोन्‌महिने लोंबकळणारी बुकिंगे लवकर वहीत येऊ लागली. क्षेत्रफळही चटईचे सांगावे लागू लागले. माझे स्वतःचे घर मी त्याआधी घेतले. साडेआठशे फुटांचे पैसे मोजले आणि ताबा मिळाल्यावर फीत लावून मोजले तर भिंतींच्या आत सहाशे फूटही भरेनात. त्या संध्याकाळी रिकाम्या खोलीत फीत गुंडाळीत मी आणि माझी पत्नी किती वेळ नुसते उभे होतो, ते अजून आठवते.

मग आज तेजी की मंदी? माझ्या वाचनाप्रमाणे पुण्यात या घटकेला दोन बाजार एकाच वहीत नांदत आहेत. खराडी, बाणेर या बाजूंना मोठ्या घरांचे मोबदले सतत चढत आहेत आणि तिथे बाजारभावाशी त्यांचे अंतर रुंदच आहे. उलट लहान घरे वहीत कमी कमी दिसतात, म्हणून घरांची संख्या उतरली तरी रकमेची बेरीज फुगलेली राहते, आणि एकच वर्ष एकाला तेजीचे व दुसऱ्याला मंदीचे वाटते. २०१९ साली केंद्राने परवडणाऱ्या घराची मर्यादा ४५ लाख रुपये ठरवली आणि अशा बांधकामाधीन घरावर एकच टक्का वस्तू व सेवा कर ठेवला. त्या व्याख्येत पुणे महानगरांच्या यादीत नाही, त्यामुळे मुंबईत साठ चौरस मीटरपर्यंत मिळणारी सवलत पुण्यात नव्वदपर्यंत मिळते. परंतु नव्वद मीटरचे घर पंचेचाळीस लाखांत आता पुणे शहरात कोण देतो? जमीन महागली, मर्यादा तिथेच राहिली, आणि विकसकाने लहान घर बांधणेच कमी केले. रिझर्व्ह बँकेने २०२५च्या पहिल्या सहामाहीत रेपो दर साडेसहावरून साडेपाच टक्क्यांवर आणला, त्याने हप्ता हलका झाला खरा. तथापि जे घर बांधलेच नाही ते हप्ता कमी झाल्याने मिळत नाही. याला मी मंदी म्हणत नाही, टंचाई म्हणतो, आणि ती मला मंदीहून अधिक चिंतेची वाटते.

त्या टंचाईने माणसे कोठे जातात? शहराच्या कडेला, गुंठ्याकडे. एक गुंठा म्हणजे एक हजार एकोणनव्वद चौरस फूट. जमिनीचे लहान तुकडे विकण्यास मनाई करणाऱ्या तुकडेबंदीमुळे एवढ्या तुकड्याचे स्वतंत्र खरेदीखत होणे कठीण होते, म्हणून दहा जण मिळून अकरा गुंठ्यांचा एक दस्त करीत, किंवा नुसत्या मुद्रांकावर नोटरीसमोर सह्या होत. मी अशा एका वस्तीत शोधासाठी गेलो होतो. रिक्षा चालवणाऱ्या एका गृहस्थांनी प्लॅस्टिकच्या तीन पिशव्या सोडून नोटरीचा कागद बाहेर काढला, दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला आणि विचारले, “साहेब, हा सरकारात चालतो ना?” त्यांचे विटांचे घर समोर उभे होते, दारात तुळस होती, मीटरवर वीज होती, सूची क्रमांक २ मध्ये त्या घराची एक ओळही नव्हती. तेजी-मंदीच्या कोणत्याही आलेखात हा बाजार येत नाही, आणि तो किती मोठा आहे हे कडेची गावे पायी हिंडल्याशिवाय कळत नाही.

भाच्याला मी थांबू नकोस म्हणून सांगितले. त्याने धायरीला दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असे घर पाहिले, स्थावर संपदा प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक तपासला, जमिनीचा तीस वर्षांचा शोध मी करून दिला, आणि पितृपक्ष संपल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही कार्यालयात गेलो. छायाचित्रासाठी तो केस सारखे करीत होता. अंगठ्याचा ठसा पहिल्यांदा उमटला नाही, म्हणून भाचेसुनेने आपल्या रुमालाने त्याचा अंगठा पुसून दिला.

घरी आल्यावर माझ्या बहिणीने, भाच्याच्या आईने, म्हणजे आक्काने चष्मा लावून इंडेक्स टूचा तो कागद वरपासून वाचला आणि सहाव्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाली, “अरे, जुडी! आबांच्या तोंडी होता हा शब्द. तालुक्याला जुडी भरायला जायचे ते, येताना आपल्याला शेव आणायचे.” मग तिने कागद देवापुढे ठेवून वर अक्षता वाहिल्या.

“मामा,” भाचा म्हणाला, “मोबदला आणि बाजारभाव यांत आमच्या घराचा फरक किती पडला ते पाहिलंस का?”

मी पाहिले होते. नऊ लाखांचा होता.