कपाळावरची विजेरी

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे, जेथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली ऑलिव्ह रिडले कासवांच्या संरक्षणास आरंभ केला, रात्री किनाऱ्यावर गस्त घालणाऱ्यास दोन्ही हात मोकळे ठेवणारी कपाळावरची विजेरी सोयीची खरी. परंतु तिचा शुभ्र झोत अंडी घालावयास आलेल्या मादीस बिचकवतो व उजेडाच्या रोखाने सरपटणाऱ्या पिलांची दिशाभूल करतो, सबब तांबड्या मंद दिव्याची तजवीज नसलेली विजेरी, तिचे ल्युमेन वेष्टनावर कितीही फुगवून छापलेले असोत, तेथे कुचकामाची समजावी.

पावसाळी रात्री वहाळात कुर्ल्या धरणाऱ्याची गरज निराळी. दिवा डोळ्यांच्या लगत असल्याने धुक्याचे व पावसाचे कण उजळून समोर पांढरा पडदा उभा राहतो. अशा वेळी विजेरी पट्ट्यासकट काढून कमरेच्या उंचीवर धरावी. वेष्टनावरची ‘आयपीएक्स ४’ ही जलरोधकतेची खूण केवळ शिंतोड्यांपुरती आहे. ‘आयपीएक्स ७’ची विजेरी मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरते.

साध्या सेलांच्या स्वस्त विजेरीचा उजेड सेल उतरतील तसा मंदावत जातो, पण नवे सेल कोणत्याही वाण्याकडे मिळतात. लिथियमची विजेरी थंडीतही नेटाने चालते, मात्र कित्येकदा ती पूर्वसूचनेविना विझते, आणि वीज गेलेल्या गावात ती पुन्हा भारित करणे दुरापास्त. खाऱ्या हवेने सेलांच्या स्प्रिंगांवर चढणारे कीट दोहोंचाही शत्रू होय. कोकणापुरते आमचे मत साध्या सेलांच्या बाजूने पडते. हंगाम संपताच ते काढून ठेवावेत.