मनोरमेची आई

दिवाळी आली की सगळ्यांनी आनंदी असावे, असा जणू दंडकच असतो. पण आपल्याच आळीत एखादे घर असे असते, की जिथे यंदा आकाशकंदील लागलेला नसतो. त्या घराने आनंद कुठून आणावा? हा प्रश्न मनात आला की मला केडगावच्या पंडिता रमाबाई आठवतात.

बाईंनी सोसले किती! ऐन सोळाव्या वर्षाच्या सुमारास दुष्काळाने आईवडील नेले, मागोमाग थोरली बहीण गेली. १८८० साली भाऊ गेला. लग्नाला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती, तोच १८८२ मध्ये पतीला पटकीने गाठले. कडेवर उरली तान्ही मनोरमा. नावाचा अर्थच मनाचा आनंद!

१८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेवढ्याने मन निवाले काय? नाही. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र गवसला नव्हता, हे त्यानंतर आठ वर्षांनी उमगले, असे त्यांनीच पुढे प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. आपण आहोत तसे देव आपल्याला पदरात घेतो, ही खूण पटली तेव्हा कुठे जिवाला विसावा मिळाला.

या आनंदाने त्या दुःखापासून दूर पळाल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात मुली अन्नावाचून तडफडत होत्या. भूक म्हणजे काय, हे बाईंना कुणी सांगायला नको होते. त्यांनी शेकडो मुलींना आणून केडगावी आसरा दिला. तेच पुढे ‘मुक्ती’ म्हणून नावारूपास आले.

आणि १९२१ साली मनोरमाही गेली. ज्या लेकीच्या हाती काम सोपवायचे, तीच आधी गेली! तरीही हिब्रू-ग्रीकवरून चाललेले बायबलचे सोपे मराठी भाषांतर बाईंनी सोडले नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली निघाला.

संत पौलाने फिलिप्पैकरांना आनंद करण्यास सांगितले, ते बंदिवासातून. ख्रिस्ती माणसाचा आनंद असा डोळ्यांतल्या पाण्यासकट असतो. देव आपल्याला विसरलेला नाही, या भरवशावर तो उभा असतो.

म्हणून त्या अंधाऱ्या घरी फराळाचे ताट नेताना ‘आता दुःख विसरा’ असे सांगू नये. घटकाभर जवळ बसावे. बाईंनी तरी दुसरे काय केले?