अंगणात पळस लावू या!

होळीच्या सुमारास नागपूरहून रामटेककडे निघालात, तर वाटेवरचे पळस पेटल्यासारखे दिसतात. झाडावर पान दिसत नाही, पण फांद्या केशरी फुलांनी लगडलेल्या! हा रानातला पळस अंगणात वाढेल का? वाढेल, मात्र त्याचा स्वभाव आधी समजून घ्यायला हवा.

पळसाचे शास्त्रीय नाव ब्यूटिया मोनोस्पर्मा. मोनोस्पर्मा म्हणजे एकच बी असलेला. पळसाची चपटी शेंग पाहा. बी फक्त टोकाशी असते. उरलेला भाग पातळ पंखासारखा असतो. त्यामुळे शेंग वाऱ्याबरोबर दूर जाते.

मे-जूनमध्ये झाडाखाली पडलेल्या शेंगा गोळा करा. बी ताजेच घ्या. पहिला चांगला पाऊस झाला, की भरपूर उन्हाच्या जागी, भिंतीपासून ५-६ मीटर दूर, ते २-३ सेंटिमीटर खोल पेरा. काळी माती चालते. कुंडीत रोप करून मग हलवू नये. पळसाचे सोटमूळ लवकर खोल जाते आणि रोप उपटताना ते तुटते.

खरी परीक्षा पुढच्या उन्हाळ्यात असते. पारा ४५ अंशांवर गेला, की कोवळे रोप वाळून काडीसारखे दिसू शकते. ‘मेले’ म्हणून अनेकजण ते उपटून टाकतात. तसे करू नका! जमिनीखालचे मूळ बहुधा जिवंत असते. त्यात साठवलेल्या अन्नावर पावसाळ्यात नवा कोंब फुटतो. तोडलेला पळस पुन्हा फुटतो, तोही याच बळावर. म्हणून निदान एक पावसाळा वाट पाहा.

फुले यायला बरीच वर्षे लागतात. तोवर पानांचे निरीक्षण करा. ‘पळसाला पाने तीनच’ असे आपण म्हणतो. पण वनस्पतिशास्त्राप्रमाणे त्या तीन पर्णिका असून तिन्ही मिळून एकच संयुक्त पान होते!

झाड निष्पर्ण असताना फुलते, त्याचा फायदा कोणता? भडक फुले दुरून दिसतात. मध प्यायला आलेल्या सूर्यपक्ष्यांच्या डोक्याला पराग चिकटतात आणि परागीभवन होते.

यंदाच्या होळीला एक प्रयोग करा. गळून पडलेली फुले पाण्यात उकळा. पिवळ्या पाण्याचे दोन भाग करून एकात मोठ्यांच्या देखरेखीखाली चिमूटभर खाण्याचा चुना टाका. रंग नारिंगी का झाला, ते वर्गात शिक्षकांना विचारा.