प्रोसिडिंग बुकातला रोहा

कुंडलिकेच्या एका काठावर रोहा आणि दुसऱ्या काठावर अष्टमी. या दोन वस्त्यांचा कारभार एकाच नगरपरिषदेकडे आहे आणि तिच्या नावातही दोन्ही गावे आहेत: रोहा अष्टमी नगरपरिषद. २०११च्या जनगणनेत इथली लोकसंख्या एकवीस हजारांच्या आत-बाहेर होती. लोकसंख्या चाळीस हजारांहून कमी असल्याने कायद्याच्या वर्गवारीत ही ‘क’ वर्ग नगरपरिषद ठरते. रायगड जिल्ह्यात अशा लहान-मोठ्या दहा नगरपरिषदा आहेत. रोह्याचे नाव बाहेर निघते ते बहुधा दुसऱ्याच कारणांनी. कोकण रेल्वे इथून सुरू होते, धाटावची औद्योगिक वसाहत शेजारी आहे, दसऱ्यानंतर धावीर महाराजांची पालखी निघते तेव्हा पोलीस सशस्त्र मानवंदना देतात, आणि पांडुरंगशास्त्री आठवल्यांचा जन्म इथला. नगरपरिषदेचे नाव मात्र निवडणूक आली की किंवा भांडण झाले की छापून येते. मधल्या काळात तिथे जे चालते ते क्षुल्लक समजले जाते. हे क्षुल्लक समजले जाणारे कामच गावाच्या जगण्याचा पाया आहे. ते कसे ठरले, कोणी विरोध केला आणि का केला, याची नोंद जिथे नीट राहत नाही तिथे लोकशाही फक्त मतदानाच्या दिवसापुरती उरते, असे माझे म्हणणे आहे.

हे काम १९६५च्या महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियमाच्या चौकटीत चालते. सर्वसाधारण सभा ठरावीक काळाने घ्यावी लागते आणि तिची नोटीस विषयपत्रिकेसह सदस्यांना आधी पोचवावी लागते. पहिला विषय ठरलेलाच असतो: मागील सभेचे इतिवृत्त, म्हणजे प्रोसिडिंग बुकातली नोंद, वाचून कायम करणे. पुढे येतात जमाखर्चाला मंजुरी, पावसाळ्यापूर्वीची नालेसफाई, दिवाबत्तीच्या साहित्याची खरेदी, बाजारातील गाळ्यांच्या भाड्याची मुदत, घंटागाडीच्या ठेक्याला मुदतवाढ, धूर फवारणी, मोकाट जनावरे, एखाद्या गल्लीतल्या गटाराच्या अंदाजपत्रकाला प्रशासकीय मान्यता. प्रत्येक विषयाला सूचक लागतो, अनुमोदक लागतो, आणि मग ‘सर्वानुमते मंजूर’ किंवा ‘बहुमताने मंजूर’ अशी ओळ लिहिली जाते. शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय. कंटाळा यावा अशीच ही यादी. पण रोह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, नदी भरतीच्या टापूत आहे, आणि वरून लोंढा येत असताना खाडीला भरती असली की पाण्याला वाट राहत नाही. अशा ठिकाणी नालेसफाईचा ठराव एप्रिलमध्ये झाला की जूनमध्ये, यावर कोणाच्या दुकानात पाणी शिरणार हे ठरते. तालुक्याची बाजारपेठ असल्याने खेड्यापाड्यांतून रोज येणारी माणसेही इथलेच रस्ते, स्वच्छतागृहे आणि मासळी बाजार वापरतात. जनगणनेच्या आकड्यात ती दिसत नाहीत, गटाराच्या आकारात मात्र धरावी लागतात.

पाण्याचा विषय घेतला तर या लहान परिषदेचे दुखणे आणि महत्त्व दोन्ही दिसतात. रोह्याच्या नळाला येणारे पाणी कुंडलिकेचे, आणि कुंडलिका बारमाही वाहते ती मुख्यतः टाटांच्या भिरा वीजकेंद्रामुळे. घाटावर मुळशीला अडवलेले पाणी बोगद्यांतून आणि नळांतून खाली भिऱ्याला आणायचे आणि त्यावर वीज करायची, ही योजना १९२०च्या दशकातली. वीज झाल्यावर सोडलेले पाणी नदीने खाली येते. त्यातले काही डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालव्यांना आणि कारखान्यांना जाते, उरलेले रोह्यापाशी खाडीला मिळते. म्हणजे उन्हाळ्यात रोह्याच्या नदीला किती पाणी असेल हे वीजकेंद्राच्या वेळापत्रकावर आणि पाटबंधारे खात्याच्या नियोजनावर अवलंबून. ते पाणी किती स्वच्छ असेल यात औद्योगिक वसाहतीचा हात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत कुंडलिकेचे नाव घातलेले आहे. यापैकी एकाही गोष्टीवर नगरपरिषदेची सत्ता नाही. तरी सकाळी नळ कोरडा राहिला तर बाई घागर घेऊन जाब विचारायला जाते ती नगरसेवकाच्या दारात. वीज कंपनी, पाटबंधारे खाते, औद्योगिक विकास महामंडळ, प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्यात गावाच्या वतीने बोलणारी निवडून आलेली अशी संस्था एकच, आणि तिचे हत्यारही एकच: ठराव. तारीख, क्रमांक आणि कारणे असलेला ठराव सरकारी फायलीत शिरतो आणि तिथे टिकतो. त्याचा संदर्भ पुढे जिल्हाधिकाऱ्यांपुढे, न्यायालयापुढे, विधानसभेत देता येतो. तोंडी तक्रारीला हे भाग्य नाही.

पैशाची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. १९९९ साली नगरपरिषदांची जकात गेली आणि तिच्या बदल्यात राज्याचे सहायक अनुदान आले. तेव्हापासून लहान नगरपरिषदांच्या हाती स्वतःचे म्हणावे असे उत्पन्न घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचे भाडे आणि काही शुल्के एवढेच आहे. विकासाचा पैसा वित्त आयोगाकडून, नगरोत्थान, दलित वस्ती सुधार अशा योजनांतून येतो आणि तो कशावर खर्चायचा हे बरेचसे वरूनच ठरलेले असते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात रोह्यासारख्या शहरांच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांच्याशी बांधून टाकला. म्हणून काही जण म्हणतात की नगरपरिषदेचे अंदाजपत्रक म्हणजे वरच्या आकड्यांची नक्कल. मला ते पटत नाही. बांधलेल्या पैशातूनही पाण्याची वाहिनी आधी अष्टमीत बदलायची की रोह्याच्या जुन्या आळ्यांत, हे गावानेच ठरवायचे असते. घरपट्टीची चतुर्वार्षिक आकारणी वाढवायची की नाही, हा तर कुठल्याही परिषदेच्या धैर्याची परीक्षा घेणारा निर्णय. तो पुढे ढकलला की लोक खूश राहतात आणि पाच वर्षांनी पंप दुरुस्तीलाही अनुदानाची वाट पाहावी लागते. देशाचे अर्थसंकल्प १९५१ ते १९५६ या काळात संसदेत मांडणारे चिंतामणराव देशमुख याच मुलखातले. वडिलांची वकिली रोह्याला होती आणि १९५२ साली चिंतामणराव लोकसभेवर निवडून गेले ते कुलाबा मतदारसंघातून. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेल्या माणसाच्या गावाने आपल्या नगरपरिषदेचे अंदाजपत्रक ओळ न् ओळ वाचावे, ही अपेक्षा जास्त नाही.

आता ज्या काळाने हा प्रश्न ऐरणीवर आणला त्याकडे वळतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये निवडून आलेल्या परिषदेची पाच वर्षे संपली तेव्हा ओबीसी आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात होता. राज्यभरच्या निवडणुका अडकल्या आणि रोह्यासह शेकडो शहरांत प्रशासक आले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि डिसेंबर २०२५ मध्ये मतदान झाले. म्हणजे चार वर्षांच्या आसपास सभेचे, समितीचे आणि अध्यक्षांचे सर्व अधिकार एका अधिकाऱ्याच्या सहीत एकवटले होते. या काळात गावे बंद पडली नाहीत. कचरा उचलला गेला, दिवे लागले, देयके निघाली. काही ठिकाणी कामे लवकरही झाली, हे मान्य करायला हवे. त्यावरून निघालेला निष्कर्ष मात्र धोक्याचा आहे: प्रशासक चालवतो आहे, मग नगरसेवक हवेत कशाला? सूचकही तोच, अनुमोदकही तोच, मंजुरीही त्याचीच, अशा ठरावात एक गोष्ट कधीच येत नाही, ती म्हणजे दुसरी बाजू. ‘या कामाऐवजी ते काम आधी घ्या’ असे म्हणणारा सदस्य नाही, ‘माझा विरोध नोंदवावा’ असे म्हणणारी नगरसेविका नाही. १९९३च्या ७४व्या घटनादुरुस्तीने महिलांना एक तृतीयांश जागा दिल्या आणि महाराष्ट्राने २०११ साली ते प्रमाण निम्म्या जागांपर्यंत वाढवले. एवढ्या कष्टाने सभागृहात आणलेला आवाज या वर्षांत कागदावर कुठेच उमटला नाही. पुढे काम फसले तर कोणता पर्याय नाकारला होता हे शोधायलाही जागा नाही. वेग मिळाला असेल, पण चूक सुधारण्याची वाट बुजली.

नेहमीच्या ठरावाचे वजन किती असते याचा सर्वांत मोठा पुरावा याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका लहान नगरपालिकेच्या दप्तरात आहे. समाजसुधारक सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात असा तो होता. त्याला अनुसरून जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले. प्रत्यक्षात तीन वर्षे अस्पृश्यांपैकी कोणी तळ्यावर जाऊ शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनुयायांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा ते नगरपालिकेनेच मान्य केलेला हक्क बजावत होते. नगरपालिकेची धुरा वाहिलेले सुरेंद्रनाथ टिपणीस त्या लढ्यात त्यांच्या बाजूने उभे राहिले. पण दडपण एवढे आले की ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने आपला आधीचा ठराव मागे घेतला. पुढे प्रकरण कोर्टात गेले आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सवर्णांचा दावा फेटाळला. पहिला ठराव ही त्या सभागृहाची उंची, दुसरा त्याची नामुष्की, आणि दोन्ही तारखांसह नोंदलेले आहेत म्हणून आज आपण कोण कधी कुठे उभे होते हे सांगू शकतो. १९२४च्या विषयपत्रिकेवर इतर विषयांत हाही एक विषय होता. कोणता विषय नेहमीचा आणि कोणता इतिहास घडवणारा हे सभेच्या दिवशी कळत नसते.

ठरावाला एवढे महत्त्व देण्यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला असा की खरी सत्ता मुख्याधिकाऱ्याकडे आणि मंत्रालयाकडे आहे. कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी परिषदेचा ठराव स्थगित करू शकतात, मग ठरावाचे एवढे काय? खरे आहे, पण स्थगित करण्यासाठीसुद्धा आधी ठराव असावा लागतो आणि स्थगिती लेखी द्यावी लागते. दोन लेखी भूमिका समोरासमोर आल्या की नागरिकाला निवाडा करता येतो. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: सभेत वाद होतो तो गावासाठी नसून ठेक्यासाठी असतो, आणि ‘सर्वानुमते’ याचा अर्थ सर्वांचे जमले एवढाच. हा अनुभव महाराष्ट्रातल्या अनेक गावांचा आहे आणि तो नाकारणे खोटेपणाचे होईल. परिषदेच्या ठेक्यात हितसंबंध असलेला सदस्य अपात्र ठरतो अशी तरतूद कायद्यात आहे. तरी नात्यातल्या माणसाच्या नावावर काम घेतले जाते, हेही लोक जाणतात. त्यावरचा उपाय सभा बंद करणे हा नव्हे. ज्या ठरावामागे कारणे लिहिलेली नसतात, आयत्या वेळच्या विषयांत ज्याची किंमत लाखांत असते, ज्या ठेक्याला तिसऱ्यांदा मुदतवाढ मिळते, तिथेच संशयाची जागा असते आणि ती इतिवृत्त वाचणाऱ्यालाच दिसते. नोंद तुटपुंजी ठेवण्यात कोणाचा तरी फायदा असतोच. तिसरा आक्षेप, की लोक हे वाचतच नाहीत. वाचायला मिळत नाही तोवर हा आरोप लोकांवर करता येणार नाही.

नव्या परिषदेकडे मागायच्या गोष्टी मोठ्या खर्चाच्या नाहीत. विषयपत्रिका सभेआधी सूचना फलकावर आणि संकेतस्थळावर लावावी. प्रत्येक विषयासोबत कार्यालयाची टिप्पणी जोडावी: खर्च किती, पैसा कोणत्या शीर्षातून, दुसरा पर्याय कोणता होता. इतिवृत्त कायम झाले की तेही जाहीर करावे, विरोध आणि विरोधाचे कारण यांच्यासकट. आयत्या वेळच्या विषयांत तातडीच्या कामाखेरीज काही घेऊ नये. आणि दर सभेत मागच्या ठरावांपैकी किती अंमलात आले, किती अडले, कोणाकडे अडले याचा अहवाल पहिल्या विषयाबरोबरच ठेवावा, कारण महाडचा १९२४चा ठराव तीन वर्षे कागदावर राहिला तसे शेकडो साधे ठराव आजही कागदावर राहतात. कुंडलिकेच्या पाण्याची तपासणी हा विषय वर्षातून एकदा नेहमीचा म्हणून यावा, नदीला फेस आल्यावरच नको. यातले काहीही करायला कायदा आड येत नाही. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ चे कलम ४ तर सार्वजनिक संस्थेने आपली माहिती मागितल्याशिवाय स्वतःहून प्रसिद्ध करावी असेच सांगते.

तोवर रोह्याच्या आणि अष्टमीच्या मतदारांना विनंती एवढीच. मत देऊन झाले आहे, आता आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला आणि नगरसेविकेला मागील सभेच्या इतिवृत्ताची प्रत मागा. मिळाली नाही तर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून माहितीच्या अधिकारात अर्ज करा. उत्तर तीस दिवसांत देणे कार्यालयावर बंधनकारक आहे.